माझ्या डाव्या पायाची हकीकत

सोनई,
रविवार, १२ मार्च १९७२

ती. सौ. छबूमावशीच्या पायांवर सहादेवचं डोकं. (हल्ली लोक माझ्याच पायांकडे बघत घरात शिरतात, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या पायांवर डोकं ठेवायला मिळालं की बरं वाटतं. असं का, ते खाली येईलच.)

मावशी, तू बरी असशील असं धरून चालतो. काकांचा खोकला थंडीबरोबर गेला असेल. नळाला अजून पहाटेच पाणी येतं का, आणि शेजारच्या बाई अजून तुझी बादली मागं सारून आपली पुढं लावतात का, हेही कळव. चार महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, याची लाज वाटते. निघताना तू हातात दिलेली दशम्यांची पुरचुंडी मी रागानं ओट्यावर तशीच ठेवून आलो. चूक झाली हे मला घोडेगावच्या फाट्यावर, भूक लागली तेव्हा कळलं.

इथं अजून पहाटे पाचला जाग येते. तुमच्याकडे लष्कराच्या लाइनीतून बिगुल वाजायचा, काका पांघरुणातूनच "वाजला का रे?" म्हणून विचारायचे, आणि मी "वाजला" म्हटलं की समाधानानं कूस बदलून परत झोपायचे. सोनईत बिगुल नाही, पण कान वाट बघतात. मग मी पडल्या पडल्या तुमच्या त्या दोन खोल्या मनात फिरून येतो. तांब्यात निखारे घालून तू काकांच्या खाकी शर्टावर फिरवायचीस, त्या गरम कापडाचा वास येतो. काकांची सायकल आठवते. तिच्या एका पायडलला रबर नव्हतं, त्यामुळे भिंगारहून किल्ल्याकडच्या रस्त्यानं कॉलेजला जाईपर्यंत माझी एक चप्पल दुसरीपेक्षा जास्त झिजली. ती जोडी मी अजून टाकलेली नाही. आई म्हणते, फेकून दे. मी म्हणतो, असू दे.

कॉलेज मी का सोडलं ते तुला ठाऊकच आहे, म्हणजे मी जे सांगितलं ते. इंग्रजीच्या सरांनी भर वर्गात माझ्या उच्चारांची टिंगल केली, मी वही टेबलावर आपटली आणि परत पाऊल ठेवणार नाही असं सांगून बाहेर पडलो. स्वभावच तसा, त्याला काय करणार. पण मावशी, तुला एक सांगतो. मी तापट आहे हे मला स्वतःला चौथीपर्यंत माहीत नव्हतं. चौथीत छगननं माझी पेन्सिल मोडली. माझा ओठ हलायला लागला होता, आणखी एक क्षण गेला असता तर मी रडलोच असतो. तेवढ्यात राधाकृष्ण गुरुजी खुर्चीवरूनच म्हणाले, "त्याच्या नादी लागू नका रे, आज्यावर गेलंय ते, लई तापट हाय." सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. असा आदर मला त्याआधी कुणी दाखवला नव्हता. रडायचं राहून गेलं आणि मी छगनच्या डोक्यात पाटी घातली. (छगन अजून ती खूण दाखवतो, अभिमानानं.) त्या दिवसापासून कुणाचा मला चुकून धक्का जरी लागला तरी चाळीस तोंडं माझ्याकडे वळायची. चाळीस माणसं एवढ्या आशेनं बघत असताना शांत बसणं म्हणजे त्यांचा अपमान करण्यासारखं आहे. मी कुणाला निराश केलं नाही. शाळेत केलं नाही आणि पुढं कॉलेजातही नाही.

तर नोव्हेंबरात ट्रंक घेऊन गावात उतरलो. पहिले तीन दिवस "सुट्टी हाय व्हय?" एवढंच लोक विचारत होते. चौथ्या दिवशी विचारायचे थांबले आणि माझ्याकडे बघून गप्प व्हायला लागले, ते जास्त वाईट. दादांनी बाप म्हणून जे करायचं ते केलं. त्यांनी गोठ्यातलं खोरं माझ्या हातात दिलं आणि पंचांग न बघताच निघून गेले, जणू मुहूर्त त्यांना आधीच कळला होता. खरी आफत आली ती आईवर. विहिरीवर पाच-सहा बायका असताना लंकाबाईनं तिला विचारलं, "गोजराबाई, पोरगं नापास झालं म्हनं?" आईनं घागर खाली ठेवली (आई घागर खाली ठेवते तेव्हा काहीतरी घडतं, हे तू बहीण म्हणून जाणतेस) आणि म्हणाली, "नापास व्हायला काय झालंय त्याला? पायाळू हाय माजं लेकरू. कालेज तीन मजली. उद्या वीज पडली तर त्याच्यापायी सगळीच पोरं जायची. सरांनी हात जोडून घरी धाडलंय त्याला."

पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेलं माणूस, त्याच्यावर वीज येते आणि त्याची लाथ बसली की कमरेची उसण जाते, हे सगळं तुला मी सांगायला नको. मला मात्र मी पायाळू आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. मला ते दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजारामकडून कळलं. पुंजाराम ऊसतोडीत मोळी उचलताना उसण भरून विळ्यासारखा वाकला होता. तो तसाच वाकून आमच्या गोठ्यात आला, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "सहादू, हान." मी विचारलं, काय हाणू? "लाथ रं. कमरंत. डाव्या पायाची." मला वाटलं, हा मला चिडवायला आला आहे. कॉलेजातनं लाथ खाऊन आलेल्याला लाथ मागतो. तेव्हा माझ्या मनात देव नव्हता, धर्म नव्हता, रोग्याबद्दल दया नव्हती. होता तो चार दिवसांचा राग. मी तो सगळा डाव्या पायात आणला आणि घातली. पुंजाराम कडब्याच्या गंजीत तोंडावर पडला. थोडा वेळ हलला नाही. मग उठला, सरळ उभा राहिला आणि पहिल्यांदाच गाव एवढ्या उंचीवरून बघतोय असं इकडंतिकडं बघून म्हणाला, "गेली की."

पुढचं काय सांगू. ऊसतोडीचे दिवस, साऱ्या पंचक्रोशीच्या कमरा कामाला लागलेल्या. सकाळी दार उघडावं तर ओट्याखाली दोन-तीन माणसं वेगवेगळ्या कोनांत वाकून उभी. प्रत्येकाच्या हातात नारळ. आईनं तीन महिने सगळ्या भाज्यांत खोबरं घातलं. आणि मावशी, गंमत बघ. कॉलेज हा शब्द गावातून नाहीसा झाला. अर्धवट शिकून आलेला सहाद्या गेला आणि पायाळू सहादू आला. वाटेत म्हातारी माणसं माझ्या डाव्या बाजूनं जायचं टाळायची, पाय लागून वाया जाऊ नये म्हणून. उगाच कशाला खोटं बोलू, मला ते आवडलं. मी डावा पाय वेगळा धुवायला लागलो. काटेकुटे बघून चालायला लागलो. मागचं सगळं नव्यानं आठवायला लागलं. मी सात वर्षांचा असताना छगनच्या बांधावरच्या बाभळीवर वीज पडली होती. ती मलाच शोधत आली असणार आणि अर्ध्या मैलानं चुकली असणार. विहिरीत सगळी पोरं सूर मारायची, मी मात्र कायम पाय खाली सोडून उडी टाकायचो. (तेव्हा मी समजत होतो, भीतीनं. आता कळलं, ती जन्माची ओढ होती.) माणसाला स्वतःबद्दल चांगली बातमी मिळाली की पुरावे जमवायला वेळ लागत नाही.

एकच माणूस यावर विश्वास ठेवत नव्हतं. आप्पासाहेबांची शोभा.

तिचं नाव तुझ्यासमोर मी कधी घेतलं नाही, पण शनिवारी दुपारी मी दोनदा भांग पाडायचो तेव्हा तू गालात हसायचीस, म्हणजे तुला अंदाज असणार. आप्पासाहेब म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांची शोभा नगरला वसतिगृहात राहून डी.एड. करते आणि शनिवारी तीनच्या गाडीनं घरी येते. मीही शनिवारी घरी यायचो, ते याच गाडीनं. (आईला वाटायचं, तिच्या ओढीनं.) मी अडीचलाच स्टँडवर जाऊन खिडकीतून आत रुमाल टाकून दोन जागा धरायचो. एकदा माझ्या रुमालावर एक जाडजूड गृहस्थ येऊन बसले, मी त्यांच्याशी हमरीतुमरीवर आलो, तर शोभा मागून शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी सतरंजी आन." इमामपूरच्या घाटात गाडी बैलगाडीच्या चालीनं चढायची, तेव्हा ती पिशवीतून पुस्तक काढायची. पांढरीच्या पुलावर गाडी थांबली की मी उतरून कागदात भेळ आणायचो आणि खिडकीतून तिच्या हातात द्यायचो. ती म्हणायची, मला भूक नाही, आणि घोडेगाव येईपर्यंत कागदसुद्धा चाटूनपुसून ठेवायची. मावशी, पुढं आयुष्यात मला काय मिळायचं असेल ते मिळो, पण त्या दीड तासासारखं काही मिळेल असं वाटत नाही. कॉलेज सोडताना शिक्षण गेलं याचं मला काही वाटलं नाही. शनिवारची गाडी गेली, ते मात्र गाडीत बसल्यावर लक्षात आलं. मंगळवार होता आणि शेजारी कोंबड्यांची डाल घेतलेली बाई होती.

तर त्या गाडीत ती बालमानसशास्त्राचं पुस्तक वाचायची. एकदा वाचता वाचता म्हणाली, "यात लिहिलंय, पोराला सारखं ढ म्हटलं की ते ढ होतं. मग तुला कुनी तापट म्हनलंच नसतं तर तू कसा झाला असतास रं?" याचा मला एवढा राग आला की मी घोडेगावच्या फाट्यावर गाडीतून उतरलो आणि सोनईपर्यंत उन्हातून चालत आलो. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून हसत होती. त्या वेळी मला वाटलं, मी तिला चांगलाच धडा शिकवला.

आता मूळ हकीकत. होळी झाल्यावर आप्पासाहेबांकडे राहात्याहून पाहुणे शोभाला बघायला यायचे ठरले. मुलाच्या घरी पेरूची मोठी बाग आहे, मुलगा स्वतः शेतकी शिकलेला, पूर्ण शिकलेला. (माझ्याबद्दल आप्पासाहेब नोव्हेंबरातच पारावर म्हणाले होते, "कालेज अर्ध्यात सोडनाऱ्याला घरातली शेळी तरी कुनी द्यील का?" शेळी मी मागितली नव्हती.) पाहुणे सोमवारी येणार आणि शनिवारी आप्पासाहेब माळ्यावरचा पितळी हंडा उतरवायला गेले. हंडा उतरला, आप्पासाहेब नाही उतरले. कमरेत जी उसण भरली ती अशी की दोघांनी त्यांना शिडीसकट आडवं केलं. लगेच मला सांगावा आला, उद्या सकाळी पाय घेऊन ये.

त्या संध्याकाळी शोभा दळण घेऊन गिरणीत आली. गिरणी ही बोलायला चांगली जागा आहे, आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही. फक्त मोठ्यानं बोलावं लागतं आणि मोठ्यानं बोलताना लाडीगोडी करता येत नाही. ती पिठाकडे बघत म्हणाली, "आप्पांची कंबर तुझ्या हातात हाय. का पायात म्हनू? बरी झाली तर परवा पाव्हनं येत्यात. न्हाई झाली तर त्यांना निरोप जाईल, पर तुझं नाव जाईल. काय पायजे ते बघ." आणि डबा डोक्यावर घेऊन गेली.

मावशी, मी रात्रभर विचार केला असं लिहिणार होतो, पण विचार काही नव्हताच. नाव गेलं तर गेलं. मी ठरवलं, पाय नुसता टेकवायचा, लाथ मारायचीच नाही. गुण येणार नाही, पाहुणे येणार नाहीत.

रविवारी सकाळी गेलो. ओसरीवर घोंगडीवर आप्पासाहेब पालथे पडलेले, भोवती वीस-पंचवीस माणसं. मला बघून त्यांनी मान तेवढी वळवली आणि म्हणाले, "या सहादेवराव." माझ्या जन्मात मला कुणी राव म्हटलं नव्हतं. पायावर पाणी घातलं, हळद लावली. आणि पाय उचलला तो हवेतच राहिला. ज्या माणसाला सासरा म्हणायची मी तीन वर्षं मनात तालीम केली होती, त्याच्या कमरेवर पाय कसा ठेवायचा? मी आधी वाकून त्यांच्या कमरेला नमस्कार केला. (लोकांना वाटलं, हा विधी आहे. आता सगळे तो मागतात.) मग तवा तापला का बघायला बोट लावावं तसा अंगठा लावला आणि काढला. आप्पासाहेबांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, झालं. ते हातावर जोर देऊन उठले, कंबर इकडं वळवली, तिकडं वळवली, आणि कोपऱ्यातला तो पितळी हंडा एकट्यानं उचलून आतल्या दारापर्यंत नेऊन ठेवला. लोकांनी माझ्या पायाकडे बघून हात जोडले. मी दाराकडे बघितलं. शोभा उभी होती. पेपरात कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे शिक्षकानं बघावं तशी बघत होती. मी समजलो, तिला वाटलंय की मी मन लावून लाथ मारली.

सोमवारी पाहुणे आले, चार करंड्या पेरू घेऊन. मुलगा घड्याळाला किल्ली देत होता, वाईट नव्हता, तेच जास्त वाईट. आप्पासाहेबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि एखादं जातिवंत खोंड दाखवावं तसं पाहुण्यांना दाखवलं. तेवढ्यात मुलाचे चुलते उठले. म्हणाले, माझीबी कंबर धरलेली हाय, होऊन जाऊ द्या. इथं मात्र, मावशी, मी माझ्या स्वभावाला लगाम घातला नाही. सगळ्या राहात्याला मी ती लाथ मारली. चुलते दोन करंड्यांवरून पलीकडं गेले. ओसरीभर पेरू. मला वाटलं, आता मोडणार, आता शिव्या, आता पाहुणे जाणार. चुलते पेरूंतून उठले, टोपी झटकली आणि म्हणाले, "वा. बारा वर्सांची उसण व्हती. आसला पाय राहात्यात न्हाई." आणि मुलगी पसंत आहे, एप्रिलात तिची परीक्षा झाली की तारीख धरू, आणि या पायाळूला लग्नात मानाचा पोशाख आमच्याकडून, असंही सांगून टाकलं. म्हणजे ज्याच्या घरी शोभा जाणार, त्याच्या हातचा फेटा मी बांधायचा.

मंगळवारी शोभा गिरणीत पुन्हा भेटली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आप्पांना नको म्हनायला मला कारन पायजे. तूच कारन हाय म्हनून सांगितलं, तर तू कोन हायेस? गाव म्हनतंय पाय. मी काय एका पायाशी लगीन करू? त्याच्या वर मानूस कुठाय?" मी म्हटलं, मी मुद्दाम लाथ मारली नव्हती. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. म्हनून तर ईचारते. नुसत्या आंगठ्यानं आप्पा बरे झाले, मग पायात काय हाय ते तुला कळलं न्हाई का अजून? जा, पारावर उभा ऱ्हा आन सांग. एकदा तुझ्या तोंडानं खरं बोललेलं मला ऐकू दे, मग मी आप्पांशी बोलते." एवढं बोलून ती बुधवारी नगरला गेली. (मला तापट म्हणतात आणि बोलते ती अशी.)

परवा शुक्रवारी संध्याकाळी मी मारुतीच्या पारावर उभा राहिलो. तीसेक माणसं असतील. आई खोटं बोलली असं काही माझ्या तोंडून निघेना, म्हणून म्हटलं, मंडळी, मी पायाळू नाही, माझ्या लाथेत काही नाही, तुमच्या कमरा आपोआप बऱ्या झाल्या. मग गोरक्षनाथ पाटील, गावातले सगळ्यात जुने गृहस्थ, चंचीतली सुपारी काढता काढता म्हणाले, "खरा पायाळू असंच बोलतो. खोटा असता तर कशाला न्हाई म्हनला असता?" सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात मागं कण्हल्याचा आवाज आला. पुंजाराम. चार महिने काठीसारखा सरळ चालणारा पुंजाराम माझं बोलणं ऐकता ऐकता पुन्हा विळा होऊन खाली बसला होता. "सहादू, असं नगं बोलू बाबा," म्हणाला. तीस तोंडं माझ्याकडे वळली. तो कळवळत होता, मावशी. मी काय करणार? पारावरून उतरलो आणि घातली. उठला. लोक हसत घरी गेले, सहादूनं आज बरी चेष्टा केली म्हणाले.

घरी आई चुलीपुढं डोळे पुसत बसलेली. मी म्हटलं, तूच तर विहिरीवर वेळ मारून न्यायला बोललीस ना ते? तर म्हणाली, "आधी तसंच बोलले. पर मागनं आठवलं मला. पायच आलं व्हतं आधी." शपथेवर सांगते. खोटं बोलत नाही, तिला खरंच आठवतं आता. सुईण गेली, आजी गेली. आता त्या खोलीत असलेलं एकच माणूस उरलं आहे, आणि ते म्हणजे तू. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस आणि गरम पाणी घेऊन आत गेली होतीस, हे तूच मला सांगितलं होतंस. तेव्हा मावशी, पाडव्याला सोनईला ये. आप्पासाहेबांसमोर आणि गोरक्षनाथ पाटलांसमोर सांग की हा पोरगा चारचौघांसारखा डोक्याकडून जन्मला. तुझा शब्द कुणी मोडणार नाही. काकांना रजा मिळाली तर त्यांनाही आण. त्यांच्या कमरेचं काही असेल तर मात्र आधी बोलू नका.

तुझा,
सहादेव

ता. क. वर लिहिलं ते खरं, पण एक राहिलं. खरोखरच पाय आधी आले असतील तर तसं कळवू नकोस. किंवा असं कर, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून धाड. मी फोडायची की नाही ते बघेन. चार महिने लोक दारात येत होते, मावशी. आता कुणीच आलं नाही तर कसं वाटेल, ते अजून मला नीट कळत नाही.

ता. क. पुन्हा विचार केला. पाडव्याला येऊ नकोस. तू सांगितलंस तरी पाटील म्हणणार, मावशीच ती, दृष्ट लागू नये म्हणून लपवते. ज्याला खरं ऐकायचं आहे असं माणूस गावात नाही, नगरला आहे, आणि त्याला मी कुठून जन्मलो याच्याशी काही देणंघेणं नाही. शोभाचं वसतिगृह भिंगारच्या रस्त्यालाच आहे. तिला घरी बोलावून घे आणि तिला एवढंच सांग

(इथं पेन थांबलं. सोमवारी सकाळी पुढं लिहितो.)

ता. क. सर काही बोलले नव्हते. सहामाहीचे पेपर परत दिले, त्यात इंग्रजीत मला अकरा मार्क होते. सर माझ्या बाकापाशी आले आणि हळू, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "संध्याकाळी खोलीवर येत जा, आपण बसू." चांगला माणूस. वही मी आपटली नाही, ती हातातून पडली. पडल्याचा आवाज झाला तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले, मग मी चिडल्यासारखा उठून बाहेर गेलो. तुझ्याकडे येऊन मोरीत अर्धा तास तोंड धूत राहिलो. तू बाहेरून विचारलंस, "डोळ्यात साबण गेला का?" आणि मी हो म्हटलं. घरात साबण संपलेला होता, हे तुला ठाऊक होतं. नंतर काकांना तू हळूच सांगितलंस, तापलंय पोरगं, काही विचारू नका. मी ते ऐकलं. मी तापलो नव्हतो, मावशी. मला भीती वाटली होती. मला बहुतेक वेळा तेवढंच होतं.

ता. क. वरचं तू शोभाला सांगू नकोस. मीच सांगतो. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं निघतो. तिला चिठ्ठी गेली आहे, ती अकराला तुझ्याकडे येईल. जूनमध्ये कॉलेजात पुन्हा नाव घातलं तर ठेवून घेशील का, हे मी ती गेल्यावर विचारीन, कारण ती काय म्हणते त्यावर ते आहे. तू एवढंच कर. ती आली की चहाच्या निमित्तानं आत जाऊ नकोस. तू आत गेलीस की मला राग येईल.